गुऱ्हाळ आणि कृपासदन

२०२३ च्या अखेरीला म्हैसूर आणि शेजारचं मंड्या ही नावं भलत्याच कारणाने देशभर गाजली. बंगळुरू पोलिसांनी गर्भलिंगनिदान करणारी टोळी पकडली. पोलिसांचं म्हणणं असं की, मंड्या जिल्ह्यात एका गुऱ्हाळात सोनोग्राफीचं यंत्र चालत होतं. मुलगी आहे असं कळलं की बाईला म्हैसुरातल्या दवाखान्यात नेऊन गर्भ पाडला जाई. जागा मोठ्या हिशेबाने निवडलेली दिसते. गुऱ्हाळात कोण आलं, कोण गेलं, याची कुणी चौकशी करत नाही.

कायद्याची उणीव आपल्याकडे नाही. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्येच बंधन घातलं, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी यंत्र गुऱ्हाळापर्यंत पोचलं, कारण पोटातल्या मुलीची किंमत आधी घरातच ठरलेली असते. सासरी देताना खर्च किती, म्हातारपणी उपयोग किती, असा तो हिशेब.

ख्रिस्ती विचार या हिशेबालाच हात घालतो. माणूस देवाच्या प्रतिमेत घडवला आहे, असं बायबलच्या पहिल्याच अध्यायात येतं. म्हणजे त्याचं मोल त्याच्या कमाईवर, बुद्धीवर, धडधाकटपणावर किंवा लिंगावर ठरत नाही, ते आधीच दिलेलं आहे. ज्या रोमन जगात हा धर्म वाढला, तिथे नको असलेलं मूल उघड्यावर टाकून देणं बापाच्या हक्कात बसत होतं. ‘दीदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत गर्भपात आणि बालहत्या दोन्ही निषिद्ध ठरवल्या आहेत. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने गावाबाहेर आजारी, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मारू नका, असं सांगणं एका वाक्यात होतं. जगवायचं म्हटलं की जागा लागते, धान्य लागतं, रात्री उठणारं माणूस लागतं.

मराठी मुलखात हे ज्यांना पुरतं उमगलं, त्या पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी काही काळ म्हैसूरच्या दरबारात काढला होता, असं चरित्रकार सांगतात. पुढे तीर्थयात्रांत पैसा संपला आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने कुटुंबाला गाठलं. वडील गेले, मागोमाग आई. तापाने आणि भुकेने खंगलेल्या आईसाठी रमाबाई शेजारच्या बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. मागायची सवय नव्हती, तोंडातून शब्द फुटेना. तुकडा मिळाला, पण आईला तो खाववला नाही. रमाबाईंनीच हे लिहून ठेवलं आहे. पुढे दुष्काळातली माणसं म्हटल्यावर त्यांना आकडे दिसले नाहीत, याचं कारण इथे आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यामुंबईत त्यावर मोठा गदारोळ उठला. मात्र त्यांना हलवून सोडणारी गोष्ट वादविवादातली नव्हती. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना प्रेमाने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. अशा बाईला जगात परत जागा असू शकते, हे त्यांना नवं होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथे उभं राहिलं ते मुक्ती सदन. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. त्यातच कृपासदन होतं, फसवल्या गेलेल्या आणि घरादाराने बाहेर काढलेल्या बायकांसाठी. रमाबाईंची लेक मनोरमा आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत असे. म्हाताऱ्या, अपंग बायकांसाठी निराळी सोय होती. उपयोगाच्या हिशेबात यातली एकही बाई बसली नसती. पण तिथे छापखाना चालला, विणकाम चाललं, शेती झाली, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं.

आजचे प्रश्न अधिक गुंतागुंतीचे आहेत आणि सगळे ख्रिस्ती एका सुरात बोलत नाहीत. कॅथलिक चर्च गर्भधारणेच्या क्षणापासून जीव पूर्ण मानतं; प्रोटेस्टंटांत आईच्या जिवाचा किंवा बलात्काराचा प्रसंग आला की मतं फुटतात. आपल्या १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक प्रकरणांत मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली, त्यावरही मतभेद आहेतच. मरणाच्या दारातल्या रोग्याला निरर्थक उपचारांनी ताटकळत ठेवलंच पाहिजे, असं मात्र कॅथलिक शिकवणही म्हणत नाही. मुद्दाम मारणं तिला नामंजूर आहे. आणि ज्या चर्चने शतकानुशतकं फाशीला संमती दिली, त्याने २०१८ मध्ये देहदंड अस्वीकार्य ठरवला. पावित्र्याची जाण एकदम येत नाही, हे चर्चच्याच इतिहासावरून दिसतं.

माझं मत सरळ आहे. गर्भपाताविरुद्ध व्यासपीठावरून गरजणाऱ्याने आधी सांगावं की अविवाहित आईला त्याच्या मंडळीत बसायला जागा आहे का, आणि तिसऱ्या मुलीच्या बारशाला तो पेढे घेऊन जातो का. ज्याच्याकडे कृपासदन नाही, त्याने त्या बाईला उपदेश करू नये. रमाबाईंचा अधिकार त्यांच्या प्रवचनांतून आलेला नव्हता.

त्या ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच वारल्या. पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन आहे, आणि मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे. दिवाळीच्या सुटीत त्या बाजूला जाणार असाल, तर आधी कळवून एक फेरी जरूर मारा.