त्वचेला सोसवेल असे आम्ल

बंगळुरातील चामराजपेट ही वस्ती १८९२ साली आखण्यात आली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तिच्या शेजारीच कृष्णराजेंद्र मार्केट आहे. तेथे लिंबांचे आणि हंगामात आवळ्यांचे ढीग पाहिले म्हणजे त्या भागातील मराठी घरांतही मुलामुलींच्या तारुण्यपीटिकांवर लिंबू चोळण्याचा सल्ला अजून का चालतो, याचे नवल वाटत नाही. लिंबात 'क' जीवनसत्त्व आहे आणि ते त्वचेला हितकर आहे, ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

लिंबाचा रस अतिशय आम्लधर्मी असतो. आधीच सुजलेल्या त्वचेची त्याने आग होते. शिवाय लिंबाच्या सालीत अशी काही द्रव्ये असतात, की ती अंगाला लागून वर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळा डाग राहतो. म्हणजे जो डाग घालवायचा, तोच वाढायचा!

हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी १९२८ साली हे जीवनसत्त्व वेगळे केले. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या संशोधनाचाही वाटा होता. त्वचेला घट्टपणा देणारे तंतू घडविण्यास ते लागते, आणि काळेपणा आणणारे रंगद्रव्य बनविण्याच्या क्रियेस ते आवर घालते. परंतु हे द्रव्य मोठे नाजूक आहे. पाण्यात विरघळवून हवेत व उजेडात ठेवले, की त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन ते प्रथम पिवळे, मग तपकिरी पडते आणि निरुपयोगी होते. शुद्ध स्वरूपात ते त्वचेत शिरावे, तर द्रावण बरेच आम्लधर्मी ठेवावे लागते. मुरुमांच्या चेहऱ्याला तेच अनेकदा सोसत नाही.

आवळ्याची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. मद्रासच्या दामोदरन व नायर या संशोधकांनी १९३६ साली असे दाखविले, की आवळ्यातील एक तुरट द्रव्य या जीवनसत्त्वाला नाशापासून राखते. फळाने स्वतःपुरती केलेली ही व्यवस्था झाली. रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती योजिली. त्यांनी जीवनसत्त्वाच्या रेणूला फॉस्फेटचा एक गट जोडून दिला. मग ते सौम्य द्रावणातही टिकते, आणि त्वचेत पोहोचल्यावर तेथील विकरे हा गट तोडून मूळ जीवनसत्त्व मोकळे करतात. बाटलीवर 'सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट' किंवा 'मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट' अशी नावे दिसतात ती याच द्रव्यांची. साखरेचा किंवा मेदाचा भाग जोडलेली इतर रूपेही मिळतात.

मुरुमांशी याचा संबंध कोणता? त्वचेच्या तेलात स्क्वॅलीन नावाचे द्रव्य असते. ऊन व हवा यांनी ते बिघडले, म्हणजे रंध्रे बुजण्यास व दाह होण्यास साहाय्य होते. हा बिघाड रोखण्याचे काम हे जीवनसत्त्व करू शकते. सोडियमयुक्त रूपाचे पाच टक्क्यांचे लोशन बारा आठवडे लावल्यावर मुरुमे कमी झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. अशा चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. त्यामुळे याला औषधाची जागा देऊ नये, सोबत्याची द्यावी, असे मला वाटते. खोलवरच्या, दुखणाऱ्या गाठींवर त्याचा उपयोग नाही. त्या खड्डे ठेवून जातात, म्हणून तेथे त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब लावू नये.

आपल्या सावळ्या त्वचेत मुरूम बरे झाल्यावरही त्याची काळी खूण महिनोन् महिने राहते, आणि तरुण मुलामुलींना खरे दुःख होते ते या खुणेचे. त्या दुःखापोटीच कित्येक घरांत औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेले मलम आणले जाते. चार दिवस चेहरा उजळतो. नंतर त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरुमे दुप्पट जोराने उठतात. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तरी शेजारणीच्या शिफारशीला चिठ्ठी लागत नाही!

या सौम्य रूपांनी खुणा फिकट होतात त्या हळूहळू, आणि उन्हापासून जपले तरच. बंगळूरची हवा थंड, म्हणून ऊन लागत नाही अशी समजूत असते. पण हे शहर तेराव्या अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे, आणि उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात. म्हणून सकाळी चेहरा धुऊन प्रथम हे द्रावण लावावे, त्यावर ऊनरोधक मलम लावावे आणि मगच बाहेर पडावे. नवी बाटली आणल्यावर दोन-तीन दिवस कानामागे थोडेसे लावून पाहावे. तेथे खाज किंवा लाली आली नाही, तर चेहऱ्यास लावण्यास हरकत नाही.