खांद्याची उसनवारी

माझा उजवा खांदा धरल्याची पहिली वर्दी धोतराच्या काष्ट्याने दिली. निऱ्या यथास्थित झाल्या होत्या, काष्टा पाठीमागे नेऊन खोचावयाचा तेवढा उरला होता, आणि हात कमरेच्या अलीकडेच असा अडला, की वाटेत कोणी नाकेबंदी करून बसले असावे. पुढे सात महिने, दर सोमवारी व गुरुवारी, एका इस्पितळाच्या मागील अंगाच्या व्यायामोपचाराच्या खोलीत माझी हजेरी लागत गेली. आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांचे गुडघे नि कोपरे न्याहाळण्यावाचून दुसरा उद्योग नसल्यामुळे, सांध्यांविषयी शाळेत केलेले पाठांतर किती भाबडे होते, हे मला तेथील बाकावर कळून आले.

शाळेच्या पुस्तकात प्रत्येक सांध्याला एकेक खाते नेमून दिलेले असते: कोपर बिजागरीचे, खांदा व खुबा उखळीचे, अंगठ्याच्या मुळाशी खोगीर, आणि मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरणारा. ही वाटणी खोटी नाही. परंतु कोणतेही खाते आपल्या हद्दीपुरता कारभार करीत नाही, आणि एकाकडे तूट आली की शेजारचा ती बिनबोभाट भरून काढतो, याचा उल्लेख त्या पुस्तकात कोठे नव्हता.

हा गुप्त व्यवहार पकडणे हेच तेथील ताईंचे निम्मे काम. त्यांचे हत्यार म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कोनमापक. दोन लांब पट्ट्या एका खिळ्याने जोडलेल्या, म्हणजे तोही एक सांधाच. खिळा खांद्याच्या मध्यावर, एक पट्टी बरगड्यांच्या बाजूने सरळ, दुसरी दंडाच्या हाडाच्या रोखाने. पहिल्या दिवशी मी शाबासकीच्या इराद्याने हात बाजूने जोरात वर नेला, तो १०५ अंश भरला. ताईंनी तो आकडा लिहिलाच नाही.

"काका, हात उचलायचाय, खांदा नाही," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरचा फरा तळव्याने दाबून धरला. हात ७० अंशांवर थांबला.

निरोगी माणूस हात डोक्यावर नेतो तेव्हा त्या सुमारे १८० अंशांपैकी १२० उखळीच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० बरगड्यांवरून फिरणाऱ्या फऱ्याचे असतात. ही उखळ नावाचीच. वस्तुतः ती बशीइतकी उथळ, आणि दंडाच्या गोल टोकाचा जेमतेम तिसरा हिस्सा एका वेळी तिच्यावर टेकतो. सांध्याभोवतीची पिशवी काखेकडे सैल, घडी पडलेली असते, म्हणूनच हाताला एवढी मोकळीक आहे. माझ्या दुखण्यात तीच पिशवी जाड होऊन आखडली होती, आणि फरा बिचारा आपला वाटा सोडून तिचाही भरणा करीत होता.

सुश्रुताने २१० संधी मोजून त्यांचे आठ प्रकार केले, आणि त्यांत दात व हृदयदेखील गोविले. आजच्या शरीरशास्त्रास ते मानवणारे नाही. परंतु काखेतल्या संधीला 'उलूखल' म्हणणाऱ्या त्या ग्रंथात, निखळलेला खांदा बसविताना काखेत मुसळ घालून वर उचलावे, असेही सांगितले आहे. उखळीला मुसळाचा इलाज पाहून मी बाकावर एकटाच हसलो.

माझ्या शेजारी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसे. हाताचे प्लास्टर निघाले होते, पण तळवा उताणा होत नव्हता. कोपराखालची दोन हाडे तळवा उताणा असताना समांतर असतात, आणि तो पालथा करताना अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून आडवे जाते. या मुलाचे ते परतत नव्हते. तरीही कोणी तीर्थ देऊ केले असते तर त्याने ते बिनचूक घेतले असते, कारण कोपर पोटावर ओढून आणि सारे अंग एका कुशीस कलते करून तो तळवा वर आणावयास शिकला होता. "होतंय की सगळं," आई कौतुकाने म्हणाली. ताईंनी काही न बोलता एका पंचाची गुंडाळी त्याच्या कोपरात आणि बरगडीत ठेवली, मुठीत पेन्सिल उभी दिली आणि हात फिरवावयास सांगितले. पेन्सिल थोडी कलली. लगेच कोपर सरकले आणि पंचा जमिनीवर पडला. मुलगा ओशाळला, आई पंचाकडे पाहात राहिली.

माझी अखेरची तपासणी फाल्गुनात झाली. हात समोरून वर नेला तेव्हा उभ्याने १५० अंश भरले, आणि मी खुशीत होतो. ताईंनी मला खाटेवर उताणे निजविले, गुडघे दुमडून पाय टेकवावयास लावले, पाठीखाली हात घालून तेथे पोकळी राहिली नाही याची खात्री केली, आणि मग पुन्हा पट्ट्या जुळविल्या. वहीत १३८ हा आकडा पडला.

"आणि ते बारा?" मी विचारले.

"ते कमरेचे, काका," वही मिटीत त्या म्हणाल्या.