वैद्यकीय लेखांच्या शोधात नियतकालिकाची चाळण

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावी पऱ्हाट्यांचा ढीग हलविताना किंवा बांधावरचे दगड उचलताना विंचू चावण्याचा संभव असतो. लाल विंचवाचा दंश झाल्यास भरपूर घाम सुटणे, ओकाऱ्या होणे व हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसतात; पुढे हृदयावर परिणाम होऊन फुप्फुसांत पाणी साचते व रोगी दगावूही शकतो. अशा दंशावर गावोगावी नाना उपाय सांगितले जातात. त्यांपैकी कोणता उपाय शास्त्रोक्त रीतीने तपासलेला आहे, हे पाहण्याचे एक साधन ग्रामसेवकांनी व आशा कार्यकर्तींनी समजून घेण्याजोगे आहे.

हे साधन म्हणजे 'पबमेड'. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ते १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुले केले असून त्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. अनेक नोंदींसोबत लेखाचा सारांशही मिळतो. शोधाचे शब्द मात्र इंग्रजीत लिहावे लागतात.

विंचू हा एकच शब्द घातल्यास हजारो नोंदी पुढे येतात. कित्येक विषाच्या रसायनासंबंधी, तर कित्येक परदेशी जातींच्या विंचवांविषयी असतात. शेतकरी ज्याप्रमाणे बियाणे चाळून घेतो, त्याप्रमाणे येथे नियतकालिकाची चाळण लावता येते. तिची रीत येणेप्रमाणे :

१. 'अ‍ॅडव्हान्स्ड' हे पान उघडून प्रथम विषयाचा शब्द लिहावा व तो शोधात जोडावा.

२. नंतर शेजारच्या यादीतून 'जर्नल' हा प्रकार निवडून नियतकालिकाचे नाव लिहावे. सारख्या नावांमुळे घोटाळा होत असल्यास नियतकालिकाचा आठ स्थानांचा क्रमांक घालावा.

३. विषय व नियतकालिक 'अँड' या शब्दाने जोडावे. दोन-तीन नियतकालिके हवी असल्यास ती एकमेकांस 'ऑर'ने जोडून कंसात ठेवावी.

'जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया' हे नाव घातल्यास भारतातील डॉक्टरांनी रुग्णांवर केलेल्या उपचारांचे लेख हाती येण्यास मदत होते. हा चाळणीचा लाभ होय.

तथापि चाळणीतून चांगले दाणेही गळतात. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा दीर्घकाळ अभ्यास केला. हृदयावरील परिणामांच्या पूर्वलक्षणांसंबंधीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे २०११ मध्ये 'बीएमजे'त त्यांची महाड येथील ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एकट्या प्राझोसिन या औषधाने ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण तेवढ्याच वेळात बरे झाले. केवळ भारतीय नियतकालिकाची चाळण लावणाऱ्यास आपल्याच महाराष्ट्रातील हे दोन्ही लेख दिसणार नाहीत. म्हणून प्रथम चाळणीविना शोध घ्यावा, नंतर चाळण लावावी आणि गळालेल्या नोंदींवरही एकवार दृष्टी टाकावी.

नावे बदलतात, हेही ध्यानी ठेवावे. 'बीएमजे' हे नाव १९८८ पासूनचे; त्यापूर्वीचे अंक 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नावाखाली शोधावे. लाल विंचवाचे शास्त्रीय नावही बुथस, मेसोब्युथस व आता हॉटेंटोटा असे बदलत गेले आहे. एकच नाव घातल्यास इतर काळातील लेख निसटण्याचा संभव असतो. शिवाय नियतकालिक नामांकित आहे एवढ्यावरून प्रत्येक लेख निर्णायक ठरत नाही; किती रुग्ण होते व तुलना कशाशी केली, हे पाहिलेच पाहिजे.

हा अभ्यास सवडीने करावा व मिळालेले लेख प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवावे. प्राझोसिन हे रक्तदाब उतरविणारे औषध असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. दंश झाल्यावर मात्र शोध घेत बसू नये किंवा मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रोग्यास विनाविलंब दवाखान्यात पोहोचवावे.