जोहरची नमाज कधी आणि कशी पढतात? केळापूरची दुपार नेमकी किती वाजता होते?

फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा या दिवसातल्या पाच फर्ज नमाजांपैकी जोहर ही दुपारची नमाज. शेतात, दुकानात, शाळेत किंवा कार्यालयात असलेल्या माणसाला ती ऐन कामाच्या वेळी गाठावी लागते. त्यामुळे तिच्या वेळेबद्दल प्रश्नही जास्त पडतात. घड्याळात १२ वाजले की जोहर सुरू होते, हा सर्वांत मोठा गैरसमज. केळापूर तालुक्यात वर्षातले जवळजवळ सर्व दिवस हे चुकीचे ठरते. वेळ सुरू होण्याआधी पढलेली फर्ज नमाज धरली जात नाही, ती पुन्हा पढावी लागते. म्हणून वेळ कशी ठरते हे समजून घेऊ.

वेळ कधी सुरू होते?

मराठीत आपण ‘दिवस कलला’ म्हणतो, तीच जोहरची सुरुवात. सूर्य माथ्यावरच्या सर्वांत उंच जागेवरून पश्चिमेकडे झुकू लागला की जोहरची वेळ लागते. या झुकण्याला ‘जवाल’ म्हणतात. कुरआनच्या १७ व्या सुरेत (आयत ७८) सूर्य कलण्यापासून नमाज कायम करण्याचा आदेश आहे. सूर्य ऐन माथ्यावर असताना मात्र नमाज पढण्याची मनाई आहे. बोलीत या मनाईच्या वेळेलाच ‘जवालची वेळ’ म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. ती वेळ संपली की जोहर सुरू होते.

घड्याळातले १२ आणि केळापूरची दुपार

भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. केळापूर आणि तालुक्याचे मुख्य गाव पांढरकवडा हे साधारण ७८.५ अंशांवर, म्हणजे ४ अंश पश्चिमेला आहेत. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटे लागतात. म्हणून केळापूरची खरी दुपार सरासरी १६ मिनिटे उशिरा, १२ वाजून १६ मिनिटांनी होते.

पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे ही वेळही वर्षभर पुढेमागे सरकते. केळापुरात सूर्य माथ्यावर येण्याची वेळ साधारण अशी असते:

- फेब्रुवारीच्या मध्याला : १२.३०
- मेच्या मध्याला : १२.१२
- जुलैच्या शेवटी : १२.२२
- नोव्हेंबरच्या सुरुवातीला : १२.००

म्हणजे नोव्हेंबरात सव्वाबाराला पढलेली जोहर वेळेत आहे, पण फेब्रुवारीत सव्वाबाराला पढलेली वेळेआधीची आहे.

दुसऱ्या शहराचे वेळापत्रक वापरतानाही हेच ध्यानात ठेवावे. नागपूर थोडे पूर्वेला असल्याने तिथली दुपार केळापूरच्या दोनेक मिनिटे आधी होते. मुंबईची सुमारे २३ मिनिटे नंतर, तर कोलकात्याची जवळपास ४० मिनिटे आधी होते. मुंबईच्या वेळेने जोहर सुरू केली तर बिघडत नाही, पण कोलकात्याच्या वेळेने केली तर ती वेळेआधी होईल. मोबाइलमधल्या अॅपवर शहर कोणते निवडले आहे ते एकदा तपासावे आणि दिलेल्या वेळेनंतर ५ मिनिटे थांबावे.

काठीने वेळ कशी पाहायची?

सपाट जमिनीवर एक काठी सरळ उभी रोवा. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सावली आखूड होत जाईल. ती सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढू लागली आणि पूर्वेकडे वळली की जोहर लागली.

उन्हाळ्यात एक गंमत होते. साधारण २०-२१ मे आणि २३ जुलैच्या सुमारास केळापुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते आणि फार छोटी असते. तेव्हा लांबी न मोजता सावली पूर्वेला वळली का, एवढेच पाहावे.

वेळ कधी संपते?

असरची वेळ लागली की जोहर संपते. हे सावलीच्या लांबीवरून ठरते आणि इथे दोन मते आहेत. विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या मतानुसार सावली वस्तूच्या दुप्पट होईपर्यंत जोहर चालते. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. त्यांच्याकडे सावली वस्तूएवढी झाली की असर लागते.

दोन्ही मतांत एक अट समान आहे : ऐन दुपारी जी सावली होती, ती वेगळी मिळवायची. केळापुरात डिसेंबरच्या शेवटी १०० सेंटिमीटरच्या काठीची ऐन दुपारीच सुमारे ९५ सेंटिमीटर सावली पडते. ती मिळवली नाही, तर जोहर लागताच संपली असे वाटेल! म्हणून त्या दिवशी शाफई मताने १९५ आणि हनफी मताने २९५ सेंटिमीटर सावली झाली की असर लागते.

घड्याळात सांगायचे तर हनफी हिशेबाने केळापुरात जोहर डिसेंबरच्या शेवटी साधारण ४ वाजून ५ मिनिटांपर्यंत आणि जूनच्या शेवटी ५ ला पाचेक मिनिटे कमी असेपर्यंत असते. शाफई हिशेबाने ती डिसेंबरात ३.२० च्या आणि जूनमध्ये ३.४० च्या सुमारास संपते. दोन्ही मतांनी निर्धास्त राहायचे असेल तर ३ च्या आत नमाज उरकावी.

या वेळेत उत्तम वेळ कोणती?

हिवाळ्यात जोहर लवकर पढणे चांगले मानतात. कडक उन्हाळ्यात ऊन थोडे उतरेपर्यंत थांबावे, अशी पैगंबरांची शिकवण सहीह बुखारीसारख्या हदीससंग्रहांत आहे. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ही सवलत किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. कापूस वेचणाऱ्यांना किंवा निंदणीवर असणाऱ्यांनाही जेवणाच्या सुटीत, सावलीला बसून झाल्यावर, नमाजेला पुरेसा वेळ मिळतो. वेळेची सुरुवात गाठलीच पाहिजे, अशी सक्ती नाही.

जोहरमध्ये किती रकात?

हनफी पद्धतीत १२ रकात पढतात : आधी ४ सुन्नत, मग ४ फर्ज, नंतर २ सुन्नत आणि २ नफील. फर्ज सोडता येत नाहीत. सुन्नतांची ताकीद आहे. नफील ऐच्छिक आहेत.

चार फर्ज रकात कशा पढतात?

१. वजू करावी : हात धुणे, चूळ भरणे, नाकात पाणी घेणे, चेहरा आणि कोपरांपर्यंत हात धुणे, डोक्यावर ओला हात फिरवणे, घोट्यांपर्यंत पाय धुणे.

२. किब्ल्याकडे तोंड करावे. केळापुरातून मक्केची दिशा पश्चिमेपासून सुमारे ९ अंश उत्तरेकडे आहे.

३. मनात जोहरच्या फर्जची नियत करून ‘अल्लाहु अकबर’ म्हणत हात बांधावेत. सना, मग सूरे फातिहा आणि आणखी एक सूरा पढावी. जोहरमध्ये हे सर्व हळू आवाजात पढतात, इमामही मोठ्याने पढत नाही. हनफी पद्धतीत जमातीत असाल तर इमामामागे किरात न करता शांत उभे राहावे.

४. रुकूत वाकावे, सरळ उभे राहावे, मग दोन सजदे करावेत. ही एक रकात झाली.

५. दुसरी रकात तशीच पढून बसावे आणि अत्तहियात पढावी.

६. उठून तिसरी आणि चौथी रकात पढावी. यांत फक्त सूरे फातिहा असते.

७. शेवटी बसून अत्तहियात, दरूद आणि दुआ पढावी. मग उजवीकडे आणि डावीकडे सलाम फिरवावा.

नेहमी पडणारे प्रश्न

*शुक्रवारी काय?* ज्यांच्यावर जुमा बंधनकारक आहे, ते जोहरऐवजी खुतबा ऐकून जमातीत २ फर्ज पढतात. जुमा चुकली, तर जोहरच्या ४ फर्ज पढाव्यात. घरी पढणाऱ्या स्त्रियाही जोहरच पढतात.

*प्रवासात?* हनफी मतानुसार साधारण ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला निघून गावाची हद्द ओलांडली आणि मुक्काम १५ दिवसांपेक्षा कमी असेल, तर ४ ऐवजी २ फर्ज पढतात. पांढरकवड्याहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे, तिथे ही सवलत लागू होते. मात्र स्थानिक इमामामागे पढताना पूर्ण ४ पढाव्यात.

*उभे राहता येत नसेल तर?* बसून पढावी. तेही जमत नसेल तर पडून, इशाऱ्याने पढावी.

*झोपेत किंवा विसरून वेळ गेली तर?* आठवताच ४ फर्जांची कजा पढावी.

*वेळ झाली आहे की नाही, अशी शंका असेल तर?* थोडे थांबावे. जोहरला काही तासांची सवड असते, पण वेळेआधी पढलेली नमाज नंतर पुन्हा पढावीच लागते.