पत्र्यावर डिझाइन उतरवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हाताने कोरीव काम शिकणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते. पितळेच्या पत्र्यावर छापील कागद पालथा ठेवला, ॲसिटोन लावलं, दाबून दाबून हात दुखला, पण डिझाइन काही उतरलं नाही. मग ॲसिटोनची बाटली बदलली जाते, पत्रा बदलला जातो. खरी अडचण बहुतेक वेळा कागदावरच असते, कारण कुठल्याही प्रिंटरवरून काढलेली प्रिंट सारखीच असं आपण धरून चालतो.

लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन कागदावर शाई लावतच नाहीत. ती टोनर लावतात, म्हणजे रंग मिसळलेली प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड. मशीनमधला गरम रोलर ती वितळवून कागदाला चिकटवतो. ॲसिटोनने हे प्लॅस्टिक पुन्हा मऊ पडतं आणि दाब मिळाला की कागद सोडून धातूला धरतं. इंकजेटची शाई मात्र बहुधा पाण्यात कालवलेली असते आणि कागदाच्या तंतूंत मुरून जाते. मऊ व्हायला तिथे प्लॅस्टिकच नाही. ओलं बोट फिरवून पाहा: साध्या कागदावरची इंकजेट प्रिंट बहुतेकदा फिसकटते, टोनर जागचा हलत नाही. म्हणून घरी इंकजेट असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच प्रिंटची झेरॉक्स काढून आणावी, काम भागतं. इंकजेटनेच करायचं असेल तर वेगळी रीत आहे. डिझाइन पारदर्शक शीटवर छापायचं, धातूवर वार्निशचा अगदी पातळ थर द्यायचा आणि तो चिकट असतानाच शीट दाबायची.

दुसरा गोंधळ उलट-सुलटचा. कागद पालथा पडतो, त्यामुळे डावं उजवीकडे जातं. वेलबुट्टी असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण नाव असेल तर ते आरशात वाचावं लागतं. म्हणून भांड्यासाठी किंवा दागिन्यासाठी प्रिंट काढतानाच ‘मिरर’ करून घ्यायची. पण हा नियम सरसकट नाही. पत्र्यावर शाई लावून त्यावरून कागदावर छाप घ्यायची असेल, तर पत्र्यावरची अक्षरं उलटीच हवीत, म्हणजे प्रिंट सरळ काढायची. १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. छाप सुलटी यावी म्हणून ती देवनागरी अक्षरं, काने, मात्रा, जोडाक्षरं सगळं उलटं कोरावं लागलं. त्या कामासमोर आपली आजची सोय किती मोठी आहे, हे कोरणाऱ्यालाच कळेल.

ॲसिटोन जितकं जास्त तितकं डिझाइन ठळक, ही समजूत तर हमखास काम बिघडवते. कागद चिंब झाला की टोनर वाहतो आणि रेघेची कड फुटते. कापसाचा बोळा ओलसर हवा, निथळता नाही. कागदाची एक बाजू चिकटपट्टीने पत्र्याला पक्की करावी, बोळा टिपल्यासारखा लावावा, चमच्याच्या पाठीने घोटावं, काही क्षण थांबून हळूच सोलावं. घाई केली तर अर्धी रेघ कागदावर राहते. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोनच, असंही नाही. काही रिमूव्हरमध्ये ॲसिटोन नसतंच, काहींत तेल मिसळलेलं असतं, आणि तेल हा या कामाचा शत्रू. बोटाचा ठसा उमटलेल्या जागीसुद्धा टोनर नीट धरत नाही. म्हणून पत्रा घासल्यावर स्पिरिटने पुसावा आणि मग फक्त कडेने धरावा. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ सहज पेट घेते. खिडकी उघडी हवी, गॅसची शेगडी आणि देवाजवळचा दिवा दूर हवा.

प्रिंट जितकी बारीक तितकं कोरीव काम बारीक, हा समज मला सगळ्यांत नुकसानकारक वाटतो. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा ठिपका सुमारे ०.०४ मिलिमीटरचा असतो, पण उतरताना तो पसरतो. शिवाय कोरलेल्या रेघेची रुंदी प्रिंटर ठरवत नाही, ग्रेव्हरचं, म्हणजे कोरायच्या हत्याराचं, टोक आणि हाताचा दाब ठरवतो. ९० अंशांच्या ग्रेव्हरने ०.१ मिलिमीटर खोल गेलात तर रेघ ०.२ मिलिमीटर रुंद होते, १२० अंशांच्या ग्रेव्हरने तेवढ्याच खोलीला सुमारे ०.३५. त्यामुळे फोटोतल्या करड्या छटा उतरवण्यात अर्थ नाही, त्यांचा नुसता ठिपक्यांचा चिखल होतो. बाह्यरेषा तेवढ्या उतरवाव्यात आणि छटा ग्रेव्हरने, रेघांची जाडी आणि अंतर राखत घालाव्यात. ते काम डोळ्यांनीच शिकावं लागतं.

डिझाइन उतरवून घेणारा खरा कारागीर नव्हे, असं म्हणणारेही भेटतात. पण पाश्चात्त्य ताम्रपट-कोरकेही पत्र्यावर पातळ मेण देऊन कागदावरचं पेन्सिलचं चित्र त्यावर दाबून घेत. बिदरचे कारागीर बिदरीवर हातानेच नक्षी आखतात हे खरं, पण तेही आधी मोरचूद चोळून धातू काळा करतात, म्हणजे टोकदार सळईची रेघ त्यावर स्पष्ट दिसते. धातूवर रेघ दिसायलाच हवी, ती कशी आणायची एवढाच प्रश्न. याच कारणाने आरशासारखं पॉलिशही आधी करू नये. चकाकीत रेघ हरवते, बारीक पॉलिश पेपरने आणलेली मंद झळाळी पुरते.

आणि उतरलेलं डिझाइन पक्कं असतं असं समजू नका. तळव्याच्या घासण्याने ते तासाभरात पुसट होतं. म्हणून कोरायला घेण्याआधी टोकदार सुईने प्रत्येक रेघ अगदी हलकी गिरवून घ्यावी, इतकी हलकी की ग्रेव्हर चालला की ती त्यात विरून जाईल. मग टोनर पुसला गेला तरी काम अडत नाही.