विद्यानगरातून गाडी काढताना

जून 2024 मध्ये कर्नाटक सरकारने पेट्रोलवरचा विक्रीकर 25.92 टक्क्यांवरून 29.84 टक्के केला आणि लिटरमागे सुमारे तीन रुपये वाढले. दर आपल्या हातात नाही, अ‍ॅव्हरेज मात्र बऱ्याच अंशी असतं.

हुबळीच्या विद्यानगरात पेट्रोल जास्त जळतं ते सिग्नलला. उभी गाडी शून्य अ‍ॅव्हरेज देते. अर्धा मिनिट थांबायचं असेल तर इंजिन सरळ बंद करा. पुढे लाल दिवा दिसला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, पण गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पाय सोडून गिअर तसाच ठेवला तर इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. उतारावर न्यूट्रलची सवय धोक्याचीही आहे.

धारवाडकडे रस्ता मोकळा मिळाला तरी वेग आवरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी 60 वरून 90 वर गेलात की तो सव्वादोन पट. चाकातली हवा पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा. आकडा दारावरच्या पट्टीवर असतो. डिकीतलं बिनकामाचं ओझं उतरवा. टाकी फुल ते फुल किलोमीटर लिहून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

आणि एकट्याने धारवाडला जायचं असेल, तर गाडी घरीच राहू द्या. विद्यानगरातून 'चिगरी' बस स्वतंत्र मार्गिकेतून जाते.