गाडी घाटात गरम होतेय? थर्मोस्टॅट काढून फेकू नका, बदला!

लग्नसराई आणि ऊन एकदमच येतं. वऱ्हाडाने भरलेली गाडी कन्नडच्या घाटात चढाला लागली की काटा वर सरकतो, बोनेटमधून वाफ निघते. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी एकच सल्ला मिळतो, 'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड चालेल.' हा सल्ला महागात पडू शकतो.

थर्मोस्टॅट करतो काय?

इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये बसलेला हा छोटा व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन थंड असताना तो बंद राहतो. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढून टाकला तर इंजिन नीट तापत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं, इंजिनची झीज वाढते. काही गाड्यांत तर पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी तापते.

खराब झाला कसं ओळखाल?

काटा भराभर वर जातो, रेडिएटरचा वरचा पाईप तापतो पण खालचा थंडच राहतो, तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकल्याची शंका घ्यावी. उलट काटा वर येतच नसेल तर तो उघडा अडकलेला असू शकतो. मात्र आधी कूलंटची पातळी, गळती, पंखा, पट्टा आणि रेडिएटरचं झाकण तपासा. दोष तिथेही असतो.

घरी बदलताना

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. बॅटरीची वायर काढा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा सुरू होतो.

२. कूलंट टबात काढा. ते चवीला गोड पण विषारी असतं. कुत्रं, शेळी, वासरू प्यायलं तर जिवावर बेततं. टब उघडा ठेवू नका, ओढ्यात किंवा गोठ्याजवळ ओतू नका.

३. जाड पाईप जिथे इंजिनला मिळतो तिथलं कव्हर खोला. जुना व्हॉल्व्ह कसा बसलाय याचा मोबाईलवर फोटो काढा. नवा तसाच बसवा: स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, बारीक छिद्र किंवा पिन असेल तर वरच्या बाजूला.

४. जुनं गॅस्केट खरवडून काढा, नवंच टाका. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. जास्त जोर लावला तर कव्हर तडकतं.

नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी दोरीला बांधून जुन्या भांड्यात गरम पाण्यात सोडा. पाणी उकळेपर्यंत तो उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर मिटला पाहिजे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

हवा काढणं विसरू नका

नवा व्हॉल्व्ह टाकूनही गाडी तापते, याचं एक मोठं कारण आत अडकलेली हवा. गाडीचं तोंड चढाकडे करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. कूलंट हळूहळू ओता, वरचा पाईप हाताने दाबत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा.

मग बॅटरी जोडून, झाकण उघडं ठेवून गाडी नुसती चालू ठेवा. व्हॉल्व्ह उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढं कूलंट भरून झाकण लावा. पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात पातळी पुन्हा बघा.

बोअरचं पाणी नको

बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कूलंट घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. तयार मिश्रणात पाणी घालायचं नसतं.

मेकॅनिककडे कधी जायचं?

ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आला किंवा बुडबुडे थांबतच नसले, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. तशी गाडी चालवू नका. काही गाड्यांत थर्मोस्टॅटपर्यंत पोहोचायला बरंच इंजिन खोलावं लागतं; तिथेही घरचा प्रयोग नको.

आणि वाटेतच काटा लाल पट्टीत गेला तर? एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. वऱ्हाड तासभर उशिरा पोहोचलं तरी चालेल. तापलेल्या इंजिनावर घाट चढला, तर खर्च थर्मोस्टॅटचा राहत नाही, अख्ख्या हेडचा होतो.